वाऱ्यातले लोखंड आणि संगणकाचा पंखा

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत घडलेली गोष्ट आहे. एका रेणूच्या रचनेचे लांबलचक गणित रात्रंदिवस करणारा संगणक एप्रिल लागताच दुपारच्या वेळी रेंगाळू लागला. त्याच्या प्रोसेसरचे तापमान पाहिले, तर ते ९१ अंश सेल्सिअस! वरचा पंखा जुना झाला असावा असे म्हणून आम्ही जास्त वेगाने फिरणारा नवा पंखा आणला. एका विद्यार्थ्याने तो बसवला, तेच गणित पुन्हा सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला आनंदाने सांगितले, "सर, तापमान दहा अंशांनी उतरलं. ८१ वर आलंय." मीही खूश झालो आणि उरलेल्या सहा संगणकांसाठी तसेच पंखे मागवले. मे महिन्यात सातही संगणक पुन्हा रेंगाळू लागले.

चूक कोठे झाली ते नोंदवही उघडल्यावर कळले. जुन्या पंख्याचे मोजमाप भर दुपारी झाले होते, तेव्हा खोलीचे तापमान ३९ अंश होते. नव्या पंख्याचे मोजमाप पहाटे झाले होते, तेव्हा खोली २८ अंशांवर होती. म्हणजे खोलीच्या मानाने प्रोसेसर आधी ५२ अंशांनी गरम होता आणि नवा पंखा बसवल्यावर ५३ अंशांनी! नव्या पंख्याने काहीच साधले नव्हते. रात्र झाली होती, एवढेच.

ही चूक करण्याचा मला काही अधिकार नव्हता. गरम पाणी थंड होताना दर मिनिटाला तापमान टिपायचे आणि त्यातून खोलीचे तापमान वजा करून आलेख काढायचा, हा 'न्यूटनच्या शीतलीकरणाचा नियम' नावाचा प्रयोग मी विद्यार्थी असताना केला होता. आपल्यापैकी अनेक जण तो दरवर्षी विद्यार्थ्यांकडून करून घेतात. पुढे हीटसिंक आणि पंखा यांच्या चाचणीचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की या इतिहासाची सुरुवात त्याच प्रयोगापासून होते, आणि मूळ प्रयोगात वारा होता.

न्यूटनने वारा का घेतला?

१७०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकात लॅटिन भाषेत एक छोटा लेख आला. त्यावर लेखकाचे नाव नव्हते, पण तो आयझॅक न्यूटनचा होता. न्यूटन त्या वेळी लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता. लेखाचा हेतू उष्णतेची एक मोजपट्टी तयार करणे हा होता. कमी तापमानांसाठी न्यूटनने जवसाच्या तेलाचा तापमापी वापरला. पण लाल तापलेल्या लोखंडाचे तापमान त्या तेलाने मोजता येणे शक्य नव्हते. म्हणून त्याने एक युक्ती केली. लोखंडाचा जाड तुकडा भट्टीत लाल होईपर्यंत तापवला, चिमट्याने बाहेर काढला आणि थंड जागी ठेवून त्यावर वेगवेगळ्या धातूंचे व मिश्रधातूंचे वितळलेले कण ठेवले. लोखंड निवत गेले तसतसे हे कण एकामागून एक गोठत गेले. प्रत्येक कण किती वेळाने गोठला ते त्याने नोंदवले.

या नोंदींवरून तापमान काढण्यासाठी त्याने असे गृहीत धरले की वेळ समान अंतराने पुढे सरकत असताना लोखंडाची भोवतालच्या हवेपेक्षा 'जास्त असलेली' उष्णता भूमिती श्रेढीने कमी होत जाते. आजच्या भाषेत सांगायचे तर निवण्याचा वेग हा तापमानाच्या नव्हे, तर तापमानातील फरकाच्या प्रमाणात असतो. आम्ही प्रयोगशाळेत जी वजाबाकी विसरलो, ती न्यूटनच्या पहिल्याच मांडणीत होती.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे, पण पाठ्यपुस्तकांत ती सहसा आढळत नाही. लोखंडाचा तुकडा आपण स्थिर हवेत ठेवला नाही, सारख्या वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवला, असे न्यूटन स्पष्टपणे लिहितो. कारणही देतो: लोखंडामुळे तापलेली हवा वारा सतत दूर नेतो आणि तिच्या जागी थंड हवा एकसारख्या गतीने येत राहते. त्यामुळे समान वेळात समान हवा तापते आणि तिला मिळणारी उष्णता लोखंडाच्या उष्णतेच्या प्रमाणात असते. हीटसिंकवर पंखा बसवणारा अभियंता आज नेमके हेच करतो.

स्थिर हवेतला घोटाळा

वारा नसेल तर काय होते? फ्रान्समधील द्यूलाँ आणि पेती या जोडीने १८१७ च्या सुमारास निवण्याचे अतिशय काटेकोर प्रयोग केले. तापमानातील फरक मोठा असेल तर न्यूटनचा नियम लागू पडत नाही, असे त्यांना आढळले. प्रारणाने जाणारी आणि हवेमुळे जाणारी उष्णता त्यांनी वेगवेगळी केली. स्थिर हवेत, हवेमुळे निवण्याचा वेग तापमानातील फरकाच्या १.२३३ या घातांकाच्या प्रमाणात असतो, असे त्यांना दिसले. पुढे १८८१ मध्ये डेन्मार्कच्या लोरेन्झने तापलेल्या उभ्या पट्टीचे गणित मांडून हा घातांक पाच-चतुर्थांश, म्हणजे १.२५ यायला हवा असे दाखवले. प्रयोग आणि गणित यांचा चांगलाच मेळ बसला.

याचे कारण सोपे आहे. वारा नसताना गरम वस्तूला आपला वारा आपणच निर्माण करावा लागतो. तिच्या लगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. तिची जागा खालची थंड हवा घेते. यालाच आपण अभिसरण म्हणतो. वस्तू जितकी जास्त तापलेली तितका हा घरचा वारा जोराचा. म्हणजे तापमानातील फरक दोनदा कामी येतो: एकदा उष्णता हवेला देताना आणि एकदा हवा हलवताना. बाहेरून पंख्याने वारा दिला की हवेचा वेग वस्तूच्या तापमानावर अवलंबून राहत नाही आणि न्यूटनचा सरळ नियम चांगल्यापैकी लागू पडतो.

तेव्हा पंखा दोन कामे करतो. तो उष्णता लवकर नेतो हे सर्वांना माहीत असते. पण त्याच्यामुळे थंड करण्याची क्षमता एका आकड्यात सांगता येते, हे त्याचे दुसरे काम. हा आकडा कोणता, ते आता पाहू.

ओहमने घेतलेले आणि परत केलेले

१८२२ साली जोसेफ फूरिएने उष्णतेच्या वहनाचे गणित ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. दोन टोकांच्या तापमानांत जितका फरक, तितका उष्णतेचा प्रवाह. जर्मनीतील गेओर्ग ओहमने हे गणित नमुन्यादाखल पुढे ठेवून तारेतून जाणाऱ्या विजेचा विचार केला आणि १८२७ मध्ये आपला प्रसिद्ध नियम मांडला. विजेचा अभ्यास पुढे इतका सोपा झाला की नंतरच्या अभियंत्यांनी तीच मांडणी उष्णतेसाठी परत उसनी घेतली. विभवांतराच्या जागी तापमानातील फरक, विद्युतप्रवाहाच्या जागी दर सेकंदाला वाहणारी उष्णता (म्हणजे वॅट) आणि विद्युतरोधाच्या जागी औष्णिक रोध. त्याचे एकक 'दर वॅटला इतके अंश'.

एखाद्या हीटसिंकचा औष्णिक रोध ०.४ अंश प्रति वॅट आहे, असे म्हटले की सगळे हिशेब तोंडी करता येतात. प्रोसेसर ६५ वॅट वीज घेत असेल तर तो खोलीपेक्षा २६ अंशांनी गरम राहील. खोली २५ अंशांवर असेल तर ५१, आणि नागपूरच्या मे महिन्यात खोली ४५ वर गेली तर ७१. हीटसिंक तोच, पंखा तोच. रोध जितका कमी तितका हीटसिंक चांगला.

येथे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: प्रोसेसर घेत असलेल्या विजेपैकी उष्णता किती आणि 'गणित' किती? उत्तर असे की जवळजवळ सगळीच उष्णता. विजेमुळे तारेत किती उष्णता निर्माण होते हे जेम्स ज्यूलने १८४१ मध्ये दाखवून दिले. प्रोसेसरमध्ये गेलेली वीजही शेवटी त्याच वाटेने जाते. गणिताचे उत्तर कागदावर उतरते, त्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा मात्र खोलीतल्या हवेत जाते. म्हणूनच विजेचे वॅट मोजले की उष्णतेचे वॅट कळतात.

ट्रान्झिस्टरच्या काळात हा आकडा कारखान्यांच्या माहितीपत्रकांत रुळला. ज्यांनी हौसेने ॲम्प्लिफायर किंवा पॉवर सप्लाय बनवले असतील त्यांना '२एन३०५५' हा धातूच्या टोपीतला जाडजूड ट्रान्झिस्टर आठवत असेल. तो १९६० च्या दशकापासून वापरात आहे. त्याच्या माहितीपत्रकात ११५ वॅट असा भारदस्त आकडा असतो. पण त्यामागची अट वाचावी लागते: बाहेरच्या टोपीचे तापमान २५ अंश असले तरच. आतल्या संधीचे तापमान २०० अंशांपर्यंत चालते. २०० मधून २५ वजा करा, ११५ ने भागा, १.५२ अंश प्रति वॅट हा आतून टोपीपर्यंतचा औष्णिक रोध मिळतो. खऱ्या खोलीत टोपी २५ अंशांवर ठेवणारा हीटसिंक कोठून आणणार? अट न वाचता ११५ वॅटवर विसंबलेल्या अनेकांचे ट्रान्झिस्टर जळाले असतील!

इस्त्री आणि प्रोसेसर

संगणकाला पंखा लागणे ही काही नवी गोष्ट नाही. १९४६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. त्याच्यातून मोठ्या पंख्यांनी हवा खेळवावी लागे. ट्रान्झिस्टर आणि नंतर एकात्मिक मंडले आल्यावर काही काळ घरगुती संगणकांत प्रोसेसरवर पंख्याची गरज उरली नाही. १९७१ चा पहिला सूक्ष्मप्रक्रियक ४००४, १९८५ चा ३८६, १९८९ चा ४८६ हे सामान्यतः उघड्या डोक्याने काम करत. १९९२ नंतरच्या वेगवान ४८६ वर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे हीटसिंक दिसू लागले आणि १९९३ च्या पेंटियमबरोबर पंखाही सर्रास आला.

कारण एका हिशेबात सांगता येते. पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट घेई आणि त्याच्या सिलिकॉनच्या तुकड्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. आपल्या घरातील ७५० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे १५० चौरस सेंटिमीटर धरला, तर तिथेही उत्तर ५ वॅटच येते! फरक इतकाच की इस्त्री शंभराच्या वर तापावी अशी आपली इच्छा असते आणि प्रोसेसर तसा तापू नये अशी.

आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात विद्युतदाबही कमी केला, तर दर चौरस सेंटिमीटरची उष्णता वाढत नाही. पण प्रत्यक्षात विद्युतदाब तितका उतरवला गेला नाही, आणि पुढे तो उतरवणे अवघड झाले, कारण अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर 'बंद' असतानाही गळू लागले. २००४ साली आलेल्या पेंटियम ४ च्या नव्या पिढीतील वेगवान प्रोसेसर ११५ वॅटपर्यंत गेले, तेही जेमतेम १.१ चौरस सेंटिमीटर जागेत. म्हणजे एकमेकींवर रचलेल्या वीस इस्त्र्या! त्याच वर्षी इंटेलने त्या मालिकेतील पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि वेग वाढवण्याऐवजी एकाच तुकड्यावर दोन, चार प्रोसेसर बसवण्याची वाट धरली. हा बदल घडवण्यात हीटसिंकच्या मर्यादेचा मोठा वाटा होता.

मर्यादा हवेची होती. १०० वॅट उष्णता नेताना हवा फक्त १० अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे साडेआठ लिटर हवा पट्ट्यांमधून गेली पाहिजे. पट्ट्या जास्त दाट केल्या तर क्षेत्रफळ वाढते, पण हवा आत शिरेनाशी होते. १९०४ साली लुडविग प्रांटलने दाखवल्याप्रमाणे वाहत्या हवेचा पृष्ठभागालगतचा पातळ थर जवळजवळ थबकलेला असतो. दाट पट्ट्यांत हेच थर एकमेकांना भिडतात आणि मोकळी वाट उरत नाही. पंखा वेगाने फिरवावा तर हवा वेगाच्या पटीत वाढते, पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. दुप्पट वेगाला आठपट शक्ती, आणि कानाला त्रास वेगळाच.

खोटा प्रोसेसर

इतके गुंतागुंतीचे प्रकरण असल्यावर चाचणी नीट हवी. अर्धवाहक उद्योगासाठी मानके ठरवणाऱ्या 'जेडेक' या संस्थेने १९९५ साली औष्णिक रोध मोजण्याच्या पद्धती ठरवून दिल्या. त्यांत स्थिर हवेतील मोजमापासाठी आतून सुमारे एक फूट लांब, रुंद आणि उंच अशी बंद पेटीही आहे. प्रयोगशाळेतले पंखे बंद केले तरी माणसांच्या हालचालीने हवा हलते, म्हणून ही पेटी.

प्रयोगशाळेत हीटसिंक तपासताना पुष्कळदा खरा प्रोसेसर वापरतच नाहीत. कारण खऱ्या प्रोसेसरची उष्णता त्याच्या कामाप्रमाणे क्षणोक्षणी बदलते. त्याऐवजी त्याच आकाराचा एक 'खोटा' प्रोसेसर घेतात: आत रोधक, म्हणजे छोटी शेगडीच. ठरावीक विद्युतदाब दिला की ठरावीक वॅट मिळतात. आतले तापमान मोजायला सिलिकॉनचा डायोड असतो. दर अंशामागे त्याचा विद्युतदाब सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. बाहेरच्या झाकणाच्या मध्यावर बारीक खाच करून थर्मोकपल बसवतात, आणि दुसरे थर्मोकपल पंख्यात शिरणाऱ्या हवेत. मग वाट पाहायची. अर्ध्या किलोच्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला एक अंशाने तापायला ४५० ज्यूल लागतात. त्याचा रोध ०.४ असेल तर ४५० गुणिले ०.४, म्हणजे १८० सेकंद हा त्याचा स्वाभाविक काळ. त्याच्या पाचपट, म्हणजे १५ मिनिटे थांबलो तर तापमान अखेरच्या मूल्याच्या अगदी जवळ पोचते. न्यूटनचीच भूमिती श्रेढी, फक्त चढती. दोन मिनिटांत चाचणी उरकणाऱ्याला प्रत्येक हीटसिंक उत्तमच वाटेल.

अलीकडच्या संगणकांनी चाचणी करणाऱ्यापुढे आणखी दोन सापळे टाकले आहेत. पहिला म्हणजे पंखा आता तापमान पाहून स्वतःच वेग बदलतो. म्हणजे न्यूटनचा 'सारख्या वेगाचा वारा' राहत नाही. चाचणीपुरता तो एका वेगावर बांधून ठेवावा लागतो. दुसरा सापळा प्रोसेसरच्या आत आहे. २००१ साली चालू संगणकांवरील हीटसिंक मुद्दाम काढून पाहण्याचे प्रयोग गाजले. काही प्रोसेसर काही सेकंदांत जळून गेले, तर पेंटियम ४ नुसता मंदावला, कारण ठरावीक तापमानाला पोचल्यावर आपले काम आपणच कमी करण्याची सोय त्यात होती. आता ही सोय सर्वच प्रोसेसरमध्ये असते. अशा प्रोसेसरचे तापमान एका मर्यादेवर स्थिर दिसते, आणि आपल्याला वाटते की सारे ठीक आहे. प्रत्यक्षात उष्णता देणाराच अर्धपोटी काम करत असतो. आमचा संगणक दुपारी रेंगाळत होता तो यामुळेच. तेव्हा तापमानाबरोबर प्रोसेसरचा वेग आणि तो घेत असलेले वॅटही टिपायला हवेत.

वर्गात करून पाहा

हे सारे शाळेतही पडताळता येते. भंगारातल्या संगणकातून एक लहान हीटसिंक आणि १२ व्होल्टचा पंखा मिळवा. दुकानातून २२ ओहमचा, १० वॅट क्षमतेचा पांढरा सिमेंटचा रोधक आणा आणि थोडी औष्णिक पेस्ट लावून तो तारेने हीटसिंकच्या सपाट बाजूला घट्ट बांधा. पेस्ट का? कारण दोन सपाट दिसणारे पृष्ठभाग प्रत्यक्षात थोड्याच ठिकाणी टेकतात आणि उरलेल्या फटीत हवा असते, जी उष्णतेची मंदवाहक आहे. रोधकाला १२ व्होल्ट दिले तर सुमारे ६.५ वॅट आणि ६ व्होल्ट दिले तर त्याच्या बरोबर चौथाई, म्हणजे सुमारे १.६ वॅट उष्णता मिळेल. एक तापमापी हीटसिंकला चिकटवा, दुसरा खोलीच्या हवेत जरा दूर ठेवा. रोधक चांगलाच तापतो, तेव्हा मुलांना हात लावू देऊ नका.

आधी पंख्यासह मोजा. पंख्याला वीज वेगळ्या अडॅप्टरने द्या, नाहीतर ६ व्होल्टला तोही मंदावेल. दर दोन मिनिटांनी दोन्ही तापमाने टिपा आणि तीन नोंदी सारख्या येईपर्यंत थांबा. उष्णता चौथाई केल्यावर तापमानातील फरकही जवळपास चौथाई होईल. मग पंखा बंद करून हेच पुन्हा करा. आता फरक चौथाईपेक्षा जास्त, तिसऱ्या हिश्श्याकडे झुकलेला राहील. पहिल्या जोडीत न्यूटनचा वारा दिसेल, दुसऱ्या जोडीत द्यूलाँ आणि पेतींचा घातांक. विद्यार्थ्यांना आधी अंदाज वर्तवायला लावले तर प्रयोग अधिक रंगतो.

आमच्या संगणकांचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. नवा पंखा काढून त्याखालचा हीटसिंक उजेडात धरला, तेव्हा पट्ट्यांच्या मधोमध धुळीचा चक्क नमदा बसलेला दिसला. पंखा कितीही वेगाने फिरला तरी हवा आत जातच नव्हती. त्या विद्यार्थ्याने रंगाच्या ब्रशने सगळ्या पट्ट्या साफ केल्या, नवी पेस्ट लावली आणि जुनाच पंखा परत बसवला. या वेळी त्याने नोंदवहीत तीन रकाने आखले होते: प्रोसेसर, खोली, फरक. भर दुपारी, खोली ४१ अंशांवर असताना, प्रोसेसर ७५ वर स्थिरावला. फरक ३४. सहा नवे पंखे अजून आमच्या कपाटात आहेत. नवीन विद्यार्थी आला की त्यातला एक त्याच्या हाती देतो आणि विचारतो, "हा पंखा चांगला आहे की वाईट, हे तू कसं ठरवशील?"